निळ्या ज्योतीवरचे पातोळे

आमच्या स्वयंपाकघरातली ज्योत बाटलेली आहे, असा निवाडा गावानं एकदा देवळाच्या सभामंडपात बसून दिला होता. तो मी तेव्हा मानला नाही आणि आजही मानत नाही. त्याला आता पुष्कळ पावसाळे लोटले. निवाडा देणाऱ्यांपैकी बहुतेक जण गेले, आणि ज्या बाईनं तो भर मंडपात झुगारला ती माझी सासूही गेली. ज्योत अजून आहे. ती पेटवताना आजही काडी लावायच्या आधी एक क्षण मी कान देते. शेगडीच्या छिद्रांतून येणारा तो मऊ फूत्कार ऐकला, की मला त्या श्रावणातल्या दुपारी देवळाच्या पायऱ्या चढणारी तिची ओली पावलं दिसतात.

सावंतवाडीहून लग्न होऊन मी या गावी आले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. गाव मालवणच्या किनाऱ्यापासून थोडं आत. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला जांभ्याचं पठार, म्हणजे सडा, आणि मधोमध ग्रामदेवतेचं देऊळ. नवरा तालुक्याच्या कचेरीत कारकून होता, सासरे हयात नव्हते, आणि घर सासूच्या हुकमतीत चालत होतं. मी कविता शिकले होते आणि गावच्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. कवितेनं मला एक खोड लावली होती: कोणतीही गोष्ट आधी नाकानं, कानानं, त्वचेनं ओळखायची, आणि मगच तिला शब्द द्यायचा. त्या खोडीमुळे या घरात माझी पहिली ओळख झाली ती धुराशी.

क्रमिक पुस्तकांतला चुलीचा धूर फार देखणा असतो. तिन्हीसांजेला तो कौलांवरून निळसर उठतो, आणि दूर उभ्या असलेल्या कुणाला तरी घराची आठवण येते. वर्गात मुलींना तो धूर समजावून सांगायचा आणि घरी येऊन त्याच्या पोटात बसायचं, असे माझे दिवस होते. ऐनाचा धूर जड, घशाशी ठाण मांडणारा. किंजळीचा आंबूस. ओल्या आंब्याच्या फांदीचा धूर डोळ्यांत मिरची पूड टाकावी तसा. माडाची झावळी भडकन पेटायची आणि तितक्याच भडकन विझायची, आणि मग फुंकणी फुंकता फुंकता कपाळाच्या शिरा तटतटायच्या. धुरानं वरचे फणसाचे वासे काळे तुकतुकीत झाले होते. पावसाळ्यात त्यांवरून काजळीचा थेंब कधी पेजेत पडे, कधी माझ्या मानेवर. सासू त्या धुरात चाळीसएक वर्षं बसली होती. तिचे डोळे कायम लाल असत, आणि पहाटे ती खोकू लागली की गोठ्यातली गाय उठून उभी राही.

लाकडं येत ती सड्याच्या उतारावरून. भात झोडून झालं की वाडीतल्या बायका कोयता आणि दोरी घेऊन वर चढत आणि डोक्यावर मोळ्या घेऊन उतरत. मीही सुट्टीच्या दिवशी जाई. दर वर्षी थोडं अधिक वर चढावं लागे. खालचा उतार उघडा पडत चालला होता, आणि त्या उघड्या पडलेल्या उताराचा आणखी एक अर्थ होता, जो पुरुषांच्या कधी लक्षात आला नाही: पहाटे बायका ज्या झुडपांआड जात ती झुडपंच राहिली नव्हती. अंधार असेपर्यंत उरकायचं, नाहीतर दिवसभर पोट आवळून बसायचं. हे कुठल्याही कवितेत नव्हतं.

सडा आणि पाणी यांचा संबंध मला उमगला तो एका शिमग्यात, कपडे धुताना. आमच्या घरामागून एक व्हाळ वाहतो, सड्यावरचं पाणी घेऊन खाडीकडे जाणारा ओढा. त्यात एक खोल कोंड, म्हणजे डोह, आहे. त्या दिवशी तिच्यात गुडघाभरही पाणी नव्हतं. तळाचे दगड हिरव्या दातांसारखे वर आले होते.

सासू काठावर लुगडं आपटत होती. म्हणाली, "मी लगीन होऊन आयलंय, तेवा वैशाखात हयसर म्हशी बसत. आता शिमग्याकच दगड दिसतत."

"पाणी खंय गेला, आये?"

"चुलीत."

"चुलीत?"

"मगे काय? झाडा तू नि मी जाळली, आणि पाणी खंय गेला म्हणान माकाच इचारतंस?" ती हसली आणि हसता हसता खोकली. खोकला थांबेना, तेव्हा लुगडं पाण्यात सोडून ती खाली बसली.

मी वाहत्या लुगड्यामागे धावले, पण तिचं वाक्य माझ्यामागे धावत राहिलं. ते खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं. बाईच्या डोक्यावरच्या मोळीनं उतार हळूहळू झिजतो. त्याच सुमारास सड्याचा वरचा अख्खा तुकडा एका हंगामात बोडका झाला होता, आणि तो कोयत्यानं नव्हे. ती जमीन सासऱ्यांच्या चुलतभावाची. ते देवळाचे मानकरी. त्यांनी झाडं विटांच्या भट्टीवाल्याला विकली, आणि ट्रक ती भरून घेऊन गेले. त्या ट्रकांची कुणी चर्चा केली नाही. चर्चा व्हायची ती बायकांची: ह्यांना किती लाकूड लागतं म्हणून. तेव्हापासून मी दोन्ही गोष्टी एकत्र बोलायला शिकले. माझ्या वाट्याचा धूर मी कमी करीन. पण तुमच्या ट्रकचा धूर माझ्या पदराखाली लपवू देणार नाही.

गोबरगॅसची योजना नवऱ्यानं कचेरीतून आणली. परसात खड्डा खणून विटांचा घुमट बांधायचा, त्यात शेण कालवून सोडायचं, आणि आत कुजताना जो वायू होतो तो नळीनं स्वयंपाकघरात घ्यायचा. पाहणीला आलेल्या साहेबांनी गोठा पाहिला आणि मान हलवली. गुरं कमी होती. मग ते शांतपणे म्हणाले, "संडास बांधून तो याच टाकीला जोडला, तर गॅस पुरेल."

मी तत्क्षणी हो म्हटलं. पहाटेची उघडी वाट आणि दिवसभराचा धूर, दोन्ही एका पाइपानं मिटत होतं. विचार करण्यासारखं त्यात काय होतं?

सासूनं मात्र तोंड फिरवलं. तिनं भांडण केलं नाही. आपली पितळी टोपं उचलली, परसातल्या मांगरात, म्हणजे पेंढा-अवजारांच्या खोपटात, तीन दगड मांडले आणि तिथं वेगळी चूल घातली. "तुमी खावा. माका तेच्यार शिजलेला जावचा नाय," एवढंच म्हणाली. स्वयंपाकघरात आमची ज्योत निळी, निर्धूर, अळूच्या पानामागच्या जांभळ्या शिरेसारखी जळत असे, आणि मांगराच्या गवती छपरातून तिचा धूर वाट मिळेल तिथून बाहेर पडत असे. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मिरगाच्या पावसानं लाकडं भिजली आणि तिचा खोकला इतका वाढला की आम्ही दोघं रात्री एकमेकांकडे पाहायचं टाळू लागलो. तिच्या मनाविरुद्ध तिची चूल मोडण्याचा अधिकार मला नव्हता. तिला तिच्या चुलीपाशी असं विझू देणंही जमत नव्हतं.

माझ्या कुठल्याही युक्तिवादानं जे झालं नाही ते माडांनी केलं. पावसाच्या सुरुवातीला आमच्याकडे माडांच्या आळ्यांत मासळीचं खत घालतात. किनाऱ्यावर न खपलेली, कुजू लागलेली तारली टोपल्यांनी येते. ती मुळांशी पुरली की माड धरतो. त्या दिवशी सासू सकाळपासून आळी भरत होती. सगळ्या परसात तो दर्प असा पसरला होता की हवा हातानं बाजूला सारावी लागेल असं वाटत होतं. दुपारी ती हातपाय धुऊन आली, आणि मांगराकडे न जाता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी खोबरं किसत होते.

"गो, आमी माडाक काय घालतंव?" तिनं विचारलं.

"कुजकी तारली, आये."

"आणि तेच माडाचो नारळ देवाक फोडतंव."

मी किसणं थांबवलं. पुढे काय येणार ते मला कळलं होतं, पण ते वाक्य तिचं होतं. ते मी तिच्याआधी बोलणं बरं नव्हतं.

"माड सगळा शुद्ध करून वर काढता," ती म्हणाली. "मुळाकडे घाण, शेंड्याक अमृत. मगे तुजी ती टाकी काय करता?"

"ताच करता, आये."

"पेटव बघूया."

मी काडी लावली. ती जवळ आली, आपला सुरकुतलेला, अजून मासळीचा किंचित वास येणारा तळवा तिनं ज्योतीवर धरला, मग वाकून नाकानं हवा ओढली, अगदी आंबा पिकलाय का पाहावं तशी. "हेका वासच नाय," ती काहीशा निराशेनं म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं स्वतः उकड्या तांदळाची पेज त्या ज्योतीवर चढवली. मांगरातले तीन दगड तिनंच उचलून माडाच्या आळ्याला लावले.

आता देवळातल्या नैवेद्याच्या पाळीविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यासाठी झालं. श्रावणात आमच्या देवळात भजनी सप्ताह असतो. सात दिवस भजन अखंड चालतं, आणि रोजचा दुपारचा नैवेद्य गावातलं एकेक घर आपल्या पाळीनं करून नेतं. आमच्या घराची पाळी किती पिढ्यांची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सासू नवरी होऊन आली तेव्हा तिच्या सासूनं तिला शिकवलेलं पहिलं काम म्हणजे त्या नैवेद्याचे पातोळे: तांदळाचं पीठ हळदीच्या पानावर थापायचं, आत गूळ-खोबरं भरायचं, पान दुमडून वाफवायचं. तिच्याकडे दागिने नव्हते, माहेर उरलं नव्हतं. वर्षातला तो एक दिवस मात्र असा होता, की गावातली सगळी माणसं तिच्या हातचं खाण्यासाठी वाट पाहत.

त्या श्रावणात तिनं पातोळे निळ्या ज्योतीवर वाफवले. हळदीच्या पानाचा वास धुराशिवाय कसा असतो ते मी तेव्हा प्रथम अनुभवलं. धुरात तो वास अंग चोरून बसतो. त्या दिवशी तो घरभर उघडपणे हिंडला, ओल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरला, आणि दगडी गडग्यापलीकडच्या वाटेवर जाऊन उभा राहिला. देवळात मानकऱ्यांनी स्वतः पुन्हा मागून घेतले. "वैनी, औंदा पातोळ्यांक काय केलंस गो? जिभेर धुराचो कडू लागणा नाय," ते म्हणाले. सासू म्हणाली, "गोबरगॅस." सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. शेणाच्या गॅसला कुणाची हरकत नव्हती. संडास परसात सर्वांना दिसत होता, पाइपही दिसत होता. पण तो पाइप कुठं जातो ते विचारण्याइतकं कुतूहल कुणाला नव्हतं. आम्ही काही लपवलं नाही.

मग थंडीत ते साहेब पुन्हा आले. आमची टाकी नीट चालत होती, म्हणून आसपासच्या गावांतली माणसं दाखवायला आणली होती. आमचं गावही बघायला जमलं, मानकरीही आले. साहेब शुद्ध मराठीत, अभिमानानं बोलू लागले. "या आदर्श कुटुंबानं कोणताही संकोच न बाळगता शौचालय थेट संयंत्राला जोडलेलं आहे. म्हणजे पाहा, आपण जे टाकाऊ समजतो त्यावरच आज इथं चहा होणार आहे."

चहा तयार होता. कपबश्यांचं तबक हातात घेऊन मी दारात उभी होते. जमलेल्या माणसांच्या नजरा पाइपावरून घुमटावर, घुमटावरून स्वयंपाकघराच्या खिडकीवर आणि खिडकीवरून माझ्या हातातल्या तबकावर आल्या. मानकऱ्यांचा हात आपोआप पोटाकडे गेला. साहेब सोडून चहा कुणी घेतला नाही. ते बिचारे दोन कप प्याले आणि म्हणाले, "इथले लोक फार मर्यादशील आहेत."

चार दिवसांत आम्हाला देवळात बोलावणं आलं. बायका एरवी अशा बैठकीला बसत नसत. सासू मला घेऊन गेली आणि खांबाला टेकून उभी राहिली. मानकरी तिचे दीर लागत. त्यांनी सुरुवात गोडीनं केली.

"वैनी, तो पाईप तोडून टाक. घरात पंचगव्य शिंपडूया. सप्त्याची पाळी तुमची तुमका."

"पंचगव्यात काय काय आसता रे भावजी?"

"ता माका इचारतंस? दूध, दही, तूप..."

"आणि?"

मंडपात कुणीतरी खाकरलं.

"शेण, गोमूत्र," मानकरी नाइलाजानं म्हणाले.

"म्हणजे शेणा-मुतान बाटलेला घर तू शेणा-मुतानच शुद्ध करतलंस."

मागच्या बाजूला हसू फुटलं आणि दाबलं गेलं. "ता गायीचा गो वैनी! ह्या माणसाचा."

"माणूस गायीपरास वायट, ह्या माका मान्य आसा," सासू त्यांच्याकडे बघत म्हणाली. "पण गेल्या श्रावणात पातोळे मागून मागून कोणी खाल्ल्यान?"

"आमका म्हायत नाय होता!"

"पाईप खळ्यातसून दिसता. डोळे तुमचे, आणि चूक माजी?"

आता आवाज चढले. कुणी म्हणालं पाळी काढून घ्या, कुणी म्हणालं सगळ्या गावालाच प्रायश्चित्त लागेल. शेवटी मानकऱ्यांनी हात वर केला. "मगे देवाकच कौल लावया. देव सांगात ता."

कौल म्हणजे आमच्याकडची शेवटची कचेरी. देवीच्या पाषाणाला फुलाच्या कळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. त्यापुढे बोलणं नाही. मी सासूकडे पाहिलं. ती भाविक होती, माझ्याहून कितीतरी अधिक. कौलाला ती नाही म्हणूच शकत नव्हती. ती नाही म्हणालीही नाही.

"लावा," ती म्हणाली. "पण प्रश्न एक नाय, दोन. माजो पाईप रवाचो काय, ता इचारा. आणि देवीच्या डोक्यावरचो सडो कोणी इकून खाल्ल्यान, ता पण इचारा. दोनांचो जबाब एकदमच होवंदे."

सभामंडपातल्या सगळ्या नजरा मानकऱ्यांकडे वळल्या. गुरवानं हातातली कळ्यांची थाळी हळूच खाली ठेवली. कौल लागला नाही. लागला तो माणसांचा निवाडा: घर बाटलेलं आहे, पाइप तुटेपर्यंत पाळी बंद.

परतताना ती चालण्यात मागं पडली. मी थांबले, तेव्हा ती पदरानं नाक पुसत होती. मंडपातली बाई ती नव्हती.

"पाळी गेली गो," ती म्हणाली. "वर गेल्यार माज्या सासूक काय सांगू मी?"

तिचा तो प्रश्न मला सहन झाला नाही. मी म्हटलं, "आये, त्या एका दिवसापुरता चुलीर करूया? ते ऐकतीत."

तिनं नाक पुसणं थांबवलं. "म्हणजे आपण बाटलंव, असा आपणच सांगूचा?" आणि ती माझ्या पुढं चालू लागली.

पुढच्या काही महिन्यांत अनेकदा वाटलं की ती विसरली. मी शाळेत जात होते. संध्याकाळी टाकीतून बाहेर येणारी मळी टोपल्यांनी परसात नेत होते, स्वतःच्या हातांनी, कारण आपली घाण दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर देऊन शुद्ध राहण्याची जी जुनी रीत आहे ती मला या घरात नको होती. त्या मळीवर वाल आणि तांबडी भाजी अशी माजली, की वाटेवरून जाणाऱ्या बायका गडग्याशी थांबून बघत. सासूचे डोळे निवळले. पहाटे गाय निवांत बसून राहू लागली. त्याच सुमारास एकदा रेडिओवर कुणी शास्त्रज्ञ सांगत होते, की कारखान्यांच्या आणि इंधनांच्या धुरानं अख्ख्या पृथ्वीची हवा तापू लागली आहे, आणि पुढं पावसाची वेळापत्रकं विस्कटतील. सासू कुळीथ निवडत ऐकत होती. म्हणाली, "तापली, तापली म्हणतत. तापवता कोण, तेचा नाव घेवक जीभ वळणा नाय." आणि रेडिओ बंद केला.

मग श्रावण आला. सप्ताहाच्या आदल्या दिवशी तिनं मुलाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "भावजींचो पहारो कधी रे?"

"वाडीचो पहारो उद्या दोनपारी. वीणा काकांकडेच."

तिनं मान डोलावली आणि हळदीची पानं कापायला परसात गेली.

सप्ताहातल्या भजनाचा नियम असा, की ते सात दिवस क्षणभरही तुटता कामा नये. प्रत्येक वाडी आपला पहारा सांभाळते. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. आणि ज्याच्या गळ्यात वीणा असते, त्यानं गाणं थांबवायचं नाही, जागा सोडायची नाही, कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. मला हा नियम ठाऊक होता. त्याचा असा उपयोग होईल हे मात्र पातोळ्यांची चळत ताटात रचून होईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. ज्योत भिजल्या दुपारीही स्थिर होती. वाफेनं सासूचा चेहरा ओला झाला होता, डोळे मात्र पांढरेशुभ्र, कोरडे. तिनं ताटावर केळीचं पान झाकलं, ठेवणीतलं लुगडं नेसली, आणि मला म्हणाली, "चल गो. छत्री घेव नको, हात मोकळे व्हये."

पाऊस नुकताच ओसरला होता. पन्हळींतून पाणी ठिबकत होतं आणि टाळ-मृदंगाचा आवाज त्या ओल्या हवेत जवळ भासत होता. आम्ही पायऱ्या चढलो. मंडप भरलेला. मधोमध मानकरी, गळ्यात वीणा, डोळे मिटलेले. वासानं त्यांचे डोळे उघडले.

त्यांनी आधी मला पाहिलं, मग ताट, मग तिला. आवाज क्षणभर थरथरला, पण तुटला नाही. तो तुटता तर गावाचा सप्ताह त्यांच्या गळ्यात मोडला असता. त्यांनी भुवया उंचावल्या, मान हलवली. टाळकऱ्यांना वाटलं लय वाढवायची आहे. त्यांनी लय वाढवली. सासू त्यांच्या पुढ्यातून, अगदी पदर वीणेला घासेल इतक्या जवळून गेली आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ताट ठेवलं. गुरवानं बाहेर पाहिलं. त्याला कुणीतरी नको म्हणायला हवं होतं. नको म्हणण्याचा ज्याला अधिकार, तो गात होता. गुरव थोडा वेळ घुटमळला. मग त्यानं केळीचं पान दूर केलं, तुळशीपत्र ठेवलं, ताटाभोवती पाणी फिरवलं.

सासूनं हात जोडले. तिनं काय मागितलं ते मला माहीत नाही. वळून ती दिराच्या समोर क्षणभर थांबली आणि टाळांच्या गजरात फक्त त्यांना आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गरम आसत तवसर खावा रे भावजी." मानकऱ्यांचा स्वर एकदम वरच्या पट्टीत गेला. तसं ते त्यांच्या आयुष्यात कधी गायले नव्हते, असं नंतर वाडीत म्हणत.

ताटाचं पुढं काय झालं ते आम्ही पाहायला थांबलो नाही. सकाळी मी दार उघडलं, तर पडवीच्या कठड्यावर आमचं ताट होतं. रिकामं, लख्ख घासलेलं, आणि आत अबोलीचा एक ओला वळेसर. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही या रीतीनं ठेवलेला.

नवरा चहा घेता घेता म्हणाला, "कुत्र्यांनी खाल्ले असतीत, आये. उगीच खूश होव नको."

"कुत्र्याक ताट राखेन घासूक येता?" तिनं विचारलं आणि वळेसर माझ्या केसांत माळला.

कुणी खाल्ले ते तिनं कधी शोधलं नाही. पाइप तुटला नाही. चार-पाच वर्षांत वाडीत आणखी काही घुमट उठले. कुठल्या घरानं त्याला काय जोडलं आहे ते विचारण्याची पद्धत मात्र गावानं पुन्हा बंद केली. उताराच्या आमच्या तुकड्यावर कोयता गेला नाही आणि तिथं ऐन, किंजळ पुन्हा फुटले. वरचा विकलेला तुकडा अजून बोडकाच आहे. आज मला ठाऊक आहे, की शेणाच्या उघड्या खड्ड्यातून निघणारा तो वायू तसाच हवेत सुटला, तर धुराहूनही अधिक ऊब धरून ठेवतो. म्हणजे ती टाकी नकळत त्यालाही वेसण घालत होती. हेही ठाऊक आहे, की आमच्या एका चुलीनं पृथ्वीचा ताप उतरलेला नाही. मोहोर अवेळी जळतो, वादळं पूर्वी कधी येत नसत अशा महिन्यांत किनाऱ्यावर येतात, व्हाळ कधी शिमग्याआधीच आटतो आणि कधी दिवाळीत पूर येतो. एका घरानं काय होणार, असं मला अजून विचारतात. विचारणारे बहुधा ट्रकवाल्यांच्याच बाजूचे असतात. मी त्यांना पातोळे देते.

आमची पाळी आम्हाला कुणी परत दिली नाही, आणि सासूनं ती मागितलीही नाही. दर श्रावणात, मानकऱ्यांच्या गळ्यात वीणा असताना, ती ताट घेऊन पायऱ्या चढत राहिली. ती थकली तेव्हा ताट मी धरलं आणि ती माझा दंड धरून चढली. मानकरी दर वर्षी तिला पाहून भुवया उंचावत आणि पट्टी वाढवत. आपला पहारा सकाळचा किंवा रात्रीचा करून घेणं त्यांच्या हातात होतं. एका शब्दाचं काम होतं. वीणा गळ्यात घालता येईनाशी होईपर्यंत त्यांनी तो दुपारचाच ठेवला.